हसण्यावारी नेलेले दावे

रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर एक चौकट असायची. जगाच्या पाठीवर कोण कुठं कशासाठी कोर्टात गेलं, याचे चार-पाच किस्से तिच्यात यायचे. ती चौकट बरीच वर्षं मी लिहीत होतो. अमेरिकेतल्या एका म्हातारीनं अंगावर कॉफी सांडली म्हणून लाखो डॉलर उकळले. एका माणसानं भरधाव मोटरहोमचं स्टिअरिंग सोडलं, मागं जाऊन कॉफी करत बसला आणि गाडी उलटल्यावर कंपनीलाच कोर्टात खेचलं. नेब्रास्कातल्या एका आमदारानं थेट देवावर दावा लावला. मुंबईतल्या एका तरुणानं, मला न विचारता जन्माला घातलं म्हणून आईवडलांना कोर्टात नेणार असल्याचं जाहीर केलं. वाचकांना हे आवडायचं, पत्रं यायची. मलाही आवडायचं. त्या आवडीत काही गैर असेल, ही शंकासुद्धा मनाला शिवली नाही.

आज ते गैर वाटतं. माझं मत का आणि कसं बदललं, हे त्या चौकटीच्या वाचकांना मी सांगायलाच हवं.

तेव्हाची माझी समजूत साधी होती. क्षुल्लक कारणासाठी कोर्टात जाणारा माणूस एक तर लोभी असतो, नाही तर भांडकुदळ, नाही तर रिकामटेकडा. अशा माणसांमुळे कोर्टं तुंबतात आणि खऱ्या पीडितांना न्याय मिळायला उशीर होतो. हे मी पुराव्यानिशी तपासलं नव्हतं. आमच्या घरातच ते हवेसारखं होतं. आजोबांच्या पिढीत भाऊबंदकीचा एक दावा सुरू झाला आणि वडलांच्या पिढीपर्यंत चालला. तारखेला जायचं, वकिलाचे पैसे द्यायचे, कारकुनाला खूश ठेवायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. ज्या जमिनीसाठी दावा होता तिच्यातला एक तुकडा दाव्याच्या खर्चापायी विकावा लागला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य आमच्याकडे कुणी म्हण म्हणून उच्चारत नसे. ती घरातली आज्ञा होती.

आता मागं वळून पाहतो तेव्हा दिसतं, की ती भीती होती आणि तिला आम्ही शहाणपण म्हणत होतो. भीती बाळगण्यात लाज नाही, आमच्या घरानं तिची किंमत मोजली होती. पण माझ्यात त्या भीतीचा तिरस्कार झाला. जो कोर्टाला घाबरत नाही त्याला मूर्ख ठरवलं, की आपण घाबरतो हे मान्य करावं लागत नाही. माझी चौकट त्यातून आली होती.

या समजुतीचा पहिला फटका माझ्या मावशीला बसला, आणि तो मी दिला.

मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती एकटी राहायची. तिच्याकडे गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा मुलगा पावतीवरच्या रकमेपेक्षा वीस-तीस रुपये जास्त घ्यायचा. सगळेच देत असत. मावशीनं चौकशी केली तेव्हा तिला कळलं, की सिलिंडर घरपोच आणण्याचा खर्च पावतीतल्या किमतीतच धरलेला असतो. तिनं एजन्सीत जाऊन विचारलं, तिथं कुणी दाद दिली नाही. मग तिनं ग्राहक मंचासाठी तक्रार लिहून काढली. आखीव कागदावर, शाळेतल्या वळणदार अक्षरात, जुन्या पावत्या टाचणीनं लावून. मी वर्तमानपत्रात काम करतो, मला यातलं कळत असेल, म्हणून ते कागद तिनं माझ्याकडे दिले. ते टाइप करून द्यायचे आणि कुठं दाखल करायचे ते शोधायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी म्हणालो, "मावशी, वीस रुपयांसाठी कोर्ट? लोक काय म्हणतील? आणि तो पोरगा तीन मजले चढून येतो, त्याला दिले वीस रुपये तर काय बिघडलं?"

ती म्हणाली, "त्याला द्यायला माझी ना नाही रे. पण त्याचा पगार एजन्सीनं द्यायचा. तो माझ्याकडून परभारे का वसूल करायचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी हसलो. कागद माझ्या खणात पडून राहिले. तिनं एकदा-दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं. हे इथं संपलं असतं तरी एक वेळ ठीक. पण पुढं एका लग्नात, पंगतीत, मी ही हकिकत सगळ्यांना रंगवून सांगितली. मावशी समोर बसली होती. सगळे हसले, तीही थोडी हसली. ते हसणं मी तिची संमती समजलो. इतका आंधळेपणा माझ्यात होता, हे आज लिहितानाही जड जातं.

त्यानंतर पुष्कळ काळानं आमच्या विभागात एक तरुण मुलगी आली. कायद्याचं शिक्षण घेऊन पत्रकारितेत आलेली. एका आठवड्यात मजकूर कमी पडत होता, म्हणून मी कॉफीचा तो जुना किस्सा पुन्हा चौकटीत घेतला. पान तपासताना ती थांबली आणि तिनं विचारलं, "सर, त्या बाईंना भाजलं किती होतं?"

मी म्हणालो, "कॉफीनं कितीसं भाजणार?"

तिनं वाद घातला नाही. संध्याकाळी त्या खटल्याची माहिती आणि काही छायाचित्रं तिनं मला पाठवली. मी ती उघडली ती तिला उद्या काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव करण्यासाठी. वाचून होईपर्यंत उत्तर देण्याची इच्छा उरली नव्हती.

घटना फेब्रुवारी १९९२ मधली, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरातली. बाई ७९ वर्षांच्या होत्या. माझ्या किस्स्यात त्या गाडी चालवत होत्या. प्रत्यक्षात गाडी त्यांचा नातू चालवत होता, त्या शेजारी बसल्या होत्या, आणि साखर-दूध घालता यावं म्हणून गाडी थांबवलेली होती. मॅकडोनाल्ड्सचा ४९ सेंटचा कप गुडघ्यांत धरून त्यांनी झाकण काढायला घेतलं आणि कप कलंडला. त्या कंपनीची कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवलेली असायची. इतकं गरम पेय अंगावर पडलं तर काही सेकंदांत कातडी खोलवर जळते. सुती पँटनं ती कॉफी शोषून घेतली आणि अंगाशी धरून ठेवली. शरीराच्या ६ टक्के भागावर तिसऱ्या श्रेणीचं भाजणं, म्हणजे कातडीचे सगळे थर गेलेले. आठ दिवस रुग्णालयात, दुसरीकडची त्वचा काढून लावण्याच्या शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर दीर्घ काळ उपचार. छायाचित्रं मी एकदाच पाहिली.

कोर्टात जाण्याआधी त्यांनी कंपनीकडे २० हजार डॉलर मागितले होते, उपचारांच्या आणि त्यापायी झालेल्या खर्चापोटी. कंपनीनं ८०० डॉलर देऊ केले.

खटल्यात कंपनीची कागदपत्रं बाहेर आली. आधीच्या दहा वर्षांत तिच्या कॉफीनं भाजल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी तिच्याकडे पोचलेल्या होत्या. तापमान बदललेलं नव्हतं. १९९४ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला. भरपाई २ लाख डॉलर, त्यातून बाईंची स्वतःची चूक २० टक्के धरून ती १ लाख ६० हजारांवर आणली. त्याशिवाय कंपनीला जरब बसावी म्हणून २७ लाख डॉलर दंड. हा आकडा हवेतून आला नव्हता, तो कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीएवढा होता. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला, म्हणजे सगळे मिळून ६ लाख ४० हजार. शेवटी दोन्ही पक्षांनी बाहेर तडजोड केली. जगभर छापला गेला तो सुरुवातीचा, लाखालाखांचा आकडा. माझ्या चौकटीतही तोच होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मनात कुठली गोष्ट सलत राहिली असेल, तर ती ज्यूरीची. बारा सामान्य माणसं. कॉफी सांडल्याच्या खटल्यासाठी आपल्याला इथं का बसवलं आहे, अशा भावनेनं त्यांच्यातले काही जण आलेले होते. म्हणजे ती माझ्यासारखीच होती. पण त्यांना खुर्चीत बसून दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या, कागद पाहावे लागले, डॉक्टरांची साक्ष ऐकावी लागली, आणि त्यांचं मत पालटलं. मी एका ओळीवरून निकाल दिला होता आणि तो हजारो घरांत पोचवला होता. त्या बारा जणांपेक्षा मी हुशार आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. फरक एवढाच होता, की त्यांनी ऐकून घेतलं होतं.

त्या रात्री मी बाकीचे किस्सेही तपासायला घेतले. मोटरहोमचा खटला कुठंच सापडला नाही, कारण तो कधी झालाच नव्हता. ई-मेलमधून फिरत आलेली ती बनावट गोष्ट होती. तिच्याबरोबरचे आणखी काही किस्से तसेच रचलेले निघाले, आणि तेही मी छापले होते. नेब्रास्कातल्या आमदाराचा देवावरचा दावा मात्र खरा होता, २००७ मधला. प्रतिवादीचा पत्ता नसल्यानं नोटीस बजावता येत नाही म्हणून पुढच्या वर्षी तो फेटाळला गेला, एवढं मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. अर्नी चेंबर्स हे त्या आमदारांचं नाव. कोर्टाचा दरवाजा कुणालाही बंद करता येता कामा नये, कुठला दावा आत येऊ द्यायचा हे आधीच ठरवता येता कामा नये, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो दावा लावला होता. तेवढाच भाग माझ्या किस्स्यात नव्हता.

मग मला प्रश्न पडला, की हे किस्से इतके पसरतात का? नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या उद्योगांना आणि विमा कंपन्यांना नुकसानभरपाईवर मर्यादा हवी होती. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यातही अशा दाव्यांना आळा घालण्याचं वचन होतं. लोभी फिर्यादीची गोष्ट जितकी पसरेल तितकं हे काम सोपं होणार होतं, आणि कॉफीवाली म्हातारी त्यासाठी अगदी सोयीची होती. २००३ मध्ये टेक्सासनं वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत वेदनेबद्दलच्या भरपाईवर डॉक्टरांपुरती अडीच लाख डॉलरांची कमाल मर्यादा घातली. सुसान सॅलडॉफ या वकीलबाईंनी २०११ मध्ये 'हॉट कॉफी' नावाचा माहितीपट करून हा सगळा प्रकार उलगडला. मी पुण्यात बसून ज्या गोष्टीला निरुपद्रवी करमणूक समजत होतो, ती जखमी माणसाचं तोंड बंद करण्याच्या कामी येत होती.

त्या मुलीनं मला आणखी एक खटला वाचायला दिला. तो आधी कानावर आला असता तर मी तोही चौकटीत टाकला असता. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीनं तिला जिंजर बिअर घेऊन दिली. अर्धी प्यायल्यावर बाटलीतून सडलेली गोगलगाय बाहेर आली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली आणि तिनं बाटली भरणाऱ्यावर दावा लावला. बाटली तिनं विकत घेतलेली नव्हती, म्हणजे दुकानदाराशीही तिचा करार नव्हता. तिच्या वकिलानं थोड्याच काळापूर्वी बाटलीत उंदीर सापडल्याचे असेच दावे लढवले होते आणि तो हरला होता. दाव्याचा खर्च पेलण्याची ऐपत नाही, असं तिला शपथेवर सांगावं लागलं. तरीही तो दावा लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती जिंकली. वस्तू बनवणारा माणूस ती वापरणाऱ्या प्रत्येकाला जबाबदार असतो, ओळखपाळख नसली, थेट व्यवहार नसला तरी, हे तत्त्व त्या निकालानं पक्कं केलं. भारतातल्या कोर्टांनीही ते मानलं. आपल्या औषधाच्या बाटलीमागं, लेकराच्या दुधाच्या डब्यामागं जी जबाबदारी उभी आहे, तिच्यात त्या गोगलगायीचा वाटा आहे. त्या बाईच्या घरात माझ्यासारखा कुणी समजावणारा असता तर?

यावर कुणी विचारेल, की मग फालतू दावे असतातच ना? असतात. माझं मत बदललं म्हणून मी डोळे मिटून घेतलेले नाहीत. वॉशिंग्टनमध्ये एका माणसानं हरवलेल्या पँटसाठी लॉन्ड्री चालवणाऱ्या कोरियन कुटुंबावर आधी ६ कोटी ७० लाख आणि मग ५ कोटी ४० लाख डॉलरांचा दावा लावला. २००७ मध्ये तो हरला, पण तोवर ते कुटुंब पोळून निघालं होतं आणि त्यांना ते दुकान बंद करावं लागलं. फिर्यादी स्वतः प्रशासकीय न्यायाधीश होता. कायद्याची भाषा, वेळ, कागद तयार करण्याची हातोटी, सगळं त्याच्याकडे होतं. हा खटलाही माझ्या चौकटीत कॉफीच्याच शेजारी आला होता. दोन्हींत काही फरक आहे, हे मला दिसलं नव्हतं.

आता दिसतो. दावा फालतू आहे की नाही, हे त्याच्या रकमेवरून ठरत नाही आणि तो ऐकायला किती विचित्र वाटतो यावरूनही नाही. त्यात खरी इजा आहे का, आणि कोर्टाचा उपयोग दाद मागायला होतो आहे की समोरच्याला झिजवायला, हे पाहावं लागतं. झिजवण्याची ताकद सहसा दुबळ्याकडे नसते. शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीच्या नोटिसा गावातल्या बातमीदाराला कोण पाठवतं, हे माझ्या व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. त्या नोटिसांवर मी कधी चौकट लिहिली नाही.

कायद्यानंही छळवादी पक्षकारासाठी वेगळी सोय केलेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५अ कलमाखाली खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देववता येते, तिची कमाल मर्यादा ३ हजार रुपये ही जुनी आणि तोकडी आहे, हे खरं. महाराष्ट्रात १९७१ पासून असा कायदा आहे, की सवयीनं बिनबुडाचे दावे करणाऱ्याला उच्च न्यायालय परवानगीशिवाय नवा दावा करायला मनाई करू शकतं. जनहित याचिकांचा प्रसिद्धीसाठी वापर होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आधी ऐकायचं, मग ठरवायचं. आणि कोर्टं तुंबण्याचं म्हणाल, तर देशात पाच कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत आणि सर्वांत मोठा पक्षकार सरकार स्वतः आहे. तो भार मी पिशवीचे ३ रुपये परत मागणाऱ्यांच्या माथी मारत होतो.

पिशवीचे ३ रुपये हे मनचं नाही. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचानं कागदी पिशवीचे ३ रुपये वेगळे लावल्याबद्दल बाटा कंपनीला ९ हजार रुपये द्यायला लावले. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मथुरेच्या एका वकिलांची बातमी आली. १९९९ च्या नाताळच्या दिवशी रेल्वेनं दोन तिकिटांचे ७० ऐवजी ९० रुपये घेतले, म्हणून ते ग्राहक न्यायालयात गेले. शंभराहून जास्त तारखा झाल्या. घरच्यांनी सोडून दे म्हणून सांगितलं. बावीस वर्षांहून जास्त काळानं ते जिंकले. २० रुपये, त्यावर दर साल १२ टक्के व्याज आणि १५ हजार रुपये दंड. पैशासाठी नव्हे, न्यायासाठी लढलो, असं ते म्हणाले.

ती बातमी आमच्या कार्यालयात आली तेव्हा कुणी तरी म्हणालं, "तुमच्या चौकटीचा विषय." चौकट मी तोवर बंद केलेली होती. मी बातमी वाचली आणि खणातले मावशीचे कागद घेऊन तिच्याकडे गेलो. टाचणीला गंज चढला होता. मी तिला सांगितलं, की तुझं बरोबर होतं, मी चुकलो, आणि लग्नात मी जे केलं त्याची मला लाज वाटते. माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, जाऊ दे रे, झालं गेलं. आपल्याकडची मोठी माणसं तसंच म्हणतात.

मावशीनं कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "तू हे वाचलं होतंस का?"

मी वाचलेलं नव्हतं. पहिली ओळ आणि वीस रुपयांचा आकडा, एवढंच पाहिलं होतं. तिच्यासमोर बसून मी ती तक्रार पहिल्यांदा पूर्ण वाचली. तिनं स्वतःसाठी पैसे मागितलेलेच नव्हते. घरपोच आणण्याचा खर्च किमतीत धरलेला आहे, असा फलक एजन्सीनं मराठीत लावावा आणि सिलिंडर आणणाऱ्या मुलांना ठरलेला पगार वेळेवर द्यावा, या दोन मागण्या होत्या. दुसरी मागणी ग्राहक मंचाच्या अखत्यारीत कदाचित बसली नसती. पण ते मंचानं तिला सांगायचं होतं. मी कोण होतो?

आता माझ्याकडे कुणी असे कागद घेऊन आलं, तर मी ते शेवटपर्यंत वाचतो. ग्राहक आयोगात वकील लागतोच असं नाही, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, हे मी सांगतो. काही तक्रारी वाचून मला आजही वाटतं, की यात दम नाही. तेही मी त्यांना कारणासह सांगतो, आणि दाखल करायची की नाही हे त्यांच्यावर सोडतो. आजोबांचा दावा मी विसरलेलो नाही. कोर्टाची पायरी झिजवणारी असते, तारखा माणसाला खातात, हे मला ठाऊक आहे. पण त्यावरून काढायचा निष्कर्ष मी उलटा काढला होता. ती पायरी इतकी उंच असताना जो माणूस वीस रुपयांसाठी ती चढायला निघतो, त्याला काय खुपतं आहे हे आधी विचारायला हवं. मी विचारलं नाही, आणि माझ्या वाचकांनाही न विचारण्याची सवय लावली.